निर्णय बैठकीत होतो की बैठकीच्या आधीच? (कारखाने, सौहार्द संस्था, साखर कारखाने यांत काम करणाऱ्यांसाठी)

उद्यमबागकर (धागाकर्ता)

बेळगाव परिसरातील बरीच मराठी मंडळी उद्यमबाग, मच्छे, होनगा येथील कारखान्यांत, सौहार्द सहकारी संस्थांत आणि पतसंस्थांत, तसेच सीमेच्या दोन्ही बाजूंच्या साखर कारखान्यांत जबाबदारीच्या जागांवर काम करतात. या सर्वांना मला एक प्रश्न विचारायचा आहे. "व्यवस्थापकांनी निर्णय घेतला" असे आपण सहज म्हणतो, परंतु तो निर्णय प्रत्यक्षात कुठे ठरतो आणि कोणाच्या हातून ठरतो?

मी एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात, उत्पादन विभाग पाहतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दुसरी इंडक्शन भट्टी (विजेवर धातू वितळवणारी) घेण्याचा विषय निघाला. बैठक जेमतेम अर्ध्या तासात आटोपली. समोरच्या टिपणात तीन पर्याय होते: नवी भट्टी घेणे, जुनी वापरलेली भट्टी घेणे, किंवा वितळवण्याचे काम काही काळ बाहेरून करून घेणे. तिसरा पर्याय ग्राहकाच्या अटींमुळे शक्यच नव्हता आणि दुसऱ्यात सुट्या भागांची हमी नव्हती, त्यामुळे मालकांनी पहिला निवडला. त्यात कोणाला वावगे वाटण्यासारखे काहीच नव्हते.

टिपणात जो पर्याय नव्हता, त्याविषयी मला बोलायचे आहे. पावसाळ्यात आमच्याकडे रिजेक्शन वाढते. वाळू ओली राहते, साच्यातील ओलावा आटोक्यात राहत नाही आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) पडतात. टाकून दिलेले प्रत्येक कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, म्हणजे एकाच लोखंडाला आपण दोनदा वीज लावतो आणि भट्टीचा वेळही दोनदा खर्च करतो. पाळीच्या सुपरवायझरच्या वहीत हे सगळे तारखेनिशी लिहिलेले होते. त्या वहीवरून साप्ताहिक आकडा झाला, साप्ताहिक आकड्यांवरून मासिक गोषवारा झाला आणि गोषवाऱ्यात "मेल्टिंग क्षमता अपुरी पडते" एवढेच वाक्य उरले. वाळूसाठी छप्पर आणि ओलावा मोजण्याची शिस्त हा पर्याय बैठकीत नाकारला गेला नाही, कारण तो तिथे पोहोचलाच नव्हता.

भट्टी आली आणि ती व्यवस्थित चालते, त्याविषयी तक्रार नाही. मात्र हेस्कॉम या वीज कंपनीकडील करारातील विजेची मागणी वाढवावी लागली, त्यामुळे भट्टी पूर्ण वेळ चालो वा न चालो, मागणी आकाराचा बोजा दर महिन्याला कायम राहिला. आणि मोल्डिंगची (साचे बनवण्याची) गती होती तेवढीच राहिल्याने उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. मालकांचा निर्णय चुकला असे म्हणावे, तर त्यांच्यासमोर जे होते त्यातून त्यांनी योग्य तेच निवडले. मग हा निर्णय कोणी घेतला, असा प्रश्न उरतोच.

आपापल्या क्षेत्रातील प्रत्यक्ष कामकाजाविषयी लिहावे, ही विनंती. धाडसी नेतृत्वावरील सुविचार कृपया नकोत, ते आम्हाला रोज सकाळी मोबाइलवर येतातच.

टिळकवाडी_प्राध्यापक

उद्यमबागकरांनी जे वर्णन केले आहे त्याला व्यवस्थापनशास्त्रात जुने नाव आहे. जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५८ मध्ये त्याला "अनिश्चितता शोषून घेणे" असे म्हटले. पुराव्यावरून कोणीतरी अनुमान काढतो आणि पुढे पुरावा न पाठवता केवळ अनुमान पाठवतो, तेव्हा मूळ पुराव्यातील शंका, अपवाद आणि जर-तर वाटेतच जिरतात. वरच्या माणसाच्या हाती निश्चित वाटणारे वाक्य पडते आणि ते तपासण्याचे साधन त्याच्याकडे राहत नाही. त्यामुळे अनुमान काढणारा, मग तो कारकून असो वा सुपरवायझर, अधिकार नसतानाही निर्णयाचा मोठा वाटेकरी होतो.

सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते मुख्यतः संस्थांमधील निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठी, आणि त्या विचाराचे मूळ अगदी साध्या ठिकाणी होते. विद्यार्थी असताना त्यांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील क्रीडांगणांच्या कारभाराचा अभ्यास केला. त्या क्रीडांगणांची जबाबदारी शाळा मंडळ आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्यात वाटलेली होती. पैसा मैदानांच्या देखभालीवर खर्च करावा की मुलांचे खेळ घेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर, यावर दोन्ही बाजूंचे कधीच एकमत होत नसे. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे शेवटच्या रुपयाचा कुठे अधिक उपयोग होतो ते पाहून प्रश्न सुटायला हवा होता. परंतु तसा हिशेब कोणी करीतच नव्हते आणि करणे शक्यही नव्हते. प्रत्येक विभाग आपल्या उद्दिष्टाच्या चौकटीतून दिसेल तेवढेच पाहत होता. यातूनच पुढे "मर्यादित विवेक" ही कल्पना आली. माणूस सर्व पर्याय मांडून त्यांतील सर्वोत्तम निवडत नाही. तो एकामागून एक पर्याय पाहतो आणि आपल्या अपेक्षेला पुरेसा उतरणारा पहिला पर्याय सापडला की शोध थांबवतो.

यात आळशीपणा पाहू नये. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थांच्या प्रमुखांच्या शेजारी बसून त्यांच्या दिवसाचे निरीक्षण केले आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांच्या नोंदींनुसार या प्रमुखांच्या निम्म्या कामांना नऊ मिनिटांपेक्षाही कमी वेळ मिळत होता, आणि लेखी अहवालापेक्षा तोंडी बोलण्यावर त्यांची अधिक भिस्त होती. अशा दिवसात अर्धा तास चाललेली आपली भट्टीची बैठक ही खरे तर दीर्घ बैठक म्हणायला हवी.

सौहार्द_निवृत्त

मी एका सौहार्द पतसंस्थेत शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. संस्थेचे नाव सांगत नाही. आमच्याकडे कर्ज समिती महिन्यातून ठरलेल्या दिवशी बसायची आणि प्रकरणांचा गठ्ठा पुढे यायचा. संचालक प्रत्येक प्रकरणाचे पहिले पान पाहायचे, त्यातही अर्जदाराचे नाव, गाव, जामीनदारांची नावे आणि शेवटची "शिफारस आहे" ही ओळ. प्राध्यापक महोदयांनी सांगितलेले अनिश्चितता शोषून घेणे आमच्याकडे त्या एका ओळीत होत असे. अर्जदाराच्या व्यवसायाची उलाढाल मी स्वतः दुकानात जाऊन पाहिलेली असली, तरी समितीपुढे मी पाहिलेले न जाता माझे मत जात होते.

नव्या कर्जापेक्षा अधिक अडचणीचा प्रकार नवे-जुने करण्याचा असतो. थकीत होण्याच्या मार्गावरील कर्जाला नवी रक्कम मंजूर करून जुने खाते भरून घ्यायचे, म्हणजे कागदावर खाते चालू राहते आणि वार्षिक अहवालात थकबाकी दिसत नाही. हे केवळ लबाडीने होते असे समजू नये. मूळ कर्जाची शिफारस ज्याने केली, त्याला अर्जदारावर विश्वास टाकल्याचे समर्थन करायचे असते. "एक हंगाम जाऊ द्या, माणूस चांगला आहे" हे वाक्य मी समितीत असंख्य वेळा ऐकले आहे आणि त्यात बहुधा प्रामाणिकपणाच असे. परिणाम मात्र तोच व्हायचा: बुडणाऱ्या खात्यात आणखी पैसा.

आमच्या एका अध्यक्षांनी यावर साधा उपाय केला होता. नूतनीकरणाचे प्रकरण मूळ शाखेकडे न ठेवता दुसऱ्या शाखेच्या व्यवस्थापकाकडे तपासणीसाठी पाठवायचे. खानापूरचे प्रकरण वडगावला, वडगावचे खानापूरला. त्या दोन वर्षांत नाकारलेल्या नूतनीकरणांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. पुढच्या निवडणुकीनंतर ती पद्धत बंद पडली, हेही सांगायला हवे.

टिळकवाडी_प्राध्यापक

सौहार्द_निवृत्त यांच्या अध्यक्षांनी जे केले त्यामागे प्रयोगाचा आधार आहे. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीतील दोन विभागांपैकी एकाला संशोधनासाठी पैसे द्यायला सांगितले. नंतर निवडलेला विभाग तोट्यात गेल्याचे काहींना कळवले गेले आणि पुन्हा पैसे वाटायला सांगितले. पहिली निवड ज्यांनी स्वतः केली होती, त्यांनी तोट्यातील विभागाला अधिक पैसा दिला. ज्यांना ती निवड दुसऱ्याने केल्याचे सांगितले होते, त्यांचा हात तुलनेने आखडता राहिला. म्हणजे दुसऱ्या शाखेकडे प्रकरण पाठवणे ही केवळ खबरदारी नव्हती, दोषाचे मूळच तिने तोडले होते.

निपाणी_वखार

वरील सर्व विवेचन मान्य करूनही माझा एक आक्षेप आहे. आमच्या घरी तीन पिढ्या तंबाखूची वखार आहे. माझे आजोबा बोद, म्हणजे तंबाखूचा गठ्ठा, उघडून पान हातात घेत, चुरगाळत, वास घेत आणि भाव सांगत. त्यांच्यापुढे तीन पर्याय मांडून त्यांची तुलना करण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या भावात चूक निघाल्याचे प्रसंग घरात चर्चेचा विषय होत, इतके ते विरळ होते. प्राध्यापक महोदयांच्या मांडणीतून असे वाटते की पर्याय न तोलता घेतलेला निर्णय हा कच्चा निर्णय. अनुभवी माणसाच्या बाबतीत मला ते पटत नाही.

टिळकवाडी_प्राध्यापक

आपला आक्षेप रास्त आहे आणि संशोधकांमध्येही यावर मोठा वाद झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आढळले की आगीच्या जागी हे प्रमुख पर्यायांची तुलना बहुधा करीतच नाहीत. परिस्थिती ओळखीची वाटते, तिच्याबरोबर पहिली कृती सुचते, ती मनातल्या मनात चालवून पाहिली जाते आणि अडचण दिसली नाही तर लगेच अमलात येते. आजोबांचे पान चुरगाळणे त्याच जातीचे आहे.

याउलट दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचे बरेचसे आयुष्य तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेतील चुका दाखवण्यात गेले. या दोघांनी २००९ मध्ये एकत्र बसून एक लेख लिहिला आणि ते ज्या निष्कर्षावर आले तो आपल्या उपयोगाचा आहे. दोन अटी पूर्ण होत असतील तर अनुभवी माणसाच्या अंदाजावर भिस्त ठेवावी. पहिली अट अशी की त्या कामाच्या जगात पुरेशी नियमितता असली पाहिजे. दुसरी अशी की आपला अंदाज बरोबर ठरला की चूक, हे वारंवार आणि लवकर कळत राहिले पाहिजे. तंबाखूच्या पानात नियमितता असते आणि माल विकला की भाव बरोबर होता का ते कळते. भट्टी घ्यावी की नाही हा निर्णय मात्र एका मालकाच्या आयुष्यात दोन-चार वेळाच येतो आणि त्याचे फळ कळेपर्यंत बाजार, विजेचा दर आणि ग्राहक सगळेच बदललेले असतात. तिथे मालकांचा आत्मविश्वास तेवढाच असतो, आजोबांचा सराव मात्र नसतो.

निपाणी_वखार

हे मान्य. आजोबांनी भाव कधी चुकवला नाही, परंतु भावाला माल धरून ठेवायचा की काढायचा यात ते अनेकदा अडकले, हेही खरे आहे.

ऊस_विभाग

मी चिकोडी भागातील एका साखर कारखान्याच्या शेती विभागात होतो. आमच्याकडे निर्णय वरून खाली जाताना कसा बदलतो, ते सांगतो, कारण इथपर्यंत चर्चा फक्त खालून वर जाणाऱ्या माहितीची झाली आहे.

हंगामापूर्वी लागणीच्या नोंदींवरून तोडणी कार्यक्रम तयार होतो. आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग "सुरू" आणि खोडवा, असा लागणीच्या प्रकारांचा क्रम पक्वतेनुसार ठरतो. कार्यकारी संचालक त्यावर सही करतात आणि सर्वांच्या लेखी निर्णय झालेला असतो. प्रत्यक्षात हंगाम सुरू झाला की करार केलेल्या ऊसतोड टोळ्यांपैकी काही येतच नाहीत, शेजारचा कारखाना, कित्येकदा सीमेपलीकडचा, आपल्या नोंदीच्या गावातून ऊस उचलू लागतो, आणि शेतकऱ्याला गव्हासाठी रान मोकळे हवे असते. या परिस्थितीत कोणाच्या फडात टोळी जाईल हे गावातील चिटबॉय (तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) आणि टोळीचा मुकादम यांच्यात ठरते. खुशालीचा, म्हणजे टोळीला वरून द्याव्या लागणाऱ्या पैशांचा, विषय मी इथे वाढवीत नाही, तो सर्वांना ठाऊक आहे. तोडणीचा क्रम मोडला, असा ठपका शेती विभागावर येतो. पण क्रम पाळण्यासाठी लागणारी माणसे आणि वाहने देण्याचा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो.

दुसरा मुद्दा मोजमापाचा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. कारखान्याच्या दैनिक अहवालात "नो केन"चे तास ठळकपणे येतात, म्हणजे ऊस नाही म्हणून मिल किती वेळ उभी राहिली. ते तास दिसले की सकाळीच फोन येतो. त्या फोनच्या धास्तीने शेती विभाग कोवळा ऊसही आणतो. कोवळ्या उसाचा तोटा उताऱ्यात, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीत, दिसतो, परंतु तो त्या दिवशी वेगळा दिसत नाही, सरासरीत मिसळून जातो आणि त्याचा खरा आकार हंगामाच्या शेवटी कळतो. हिशेब असा मांडून पाहा: पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा उतारा केवळ ०.१ टक्क्याने घसरला तरी ५०० टन साखर कमी होते. एफआरपी, म्हणजे उसाला केंद्राने ठरवलेला किमान दर, हीही उताऱ्याशी बांधलेली आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये, असा केंद्राचा दर आहे. म्हणजे उताऱ्याचा तोटा कारखान्याचाही आणि शेतकऱ्याचाही. तरीही रोजचा निर्णय त्या तोट्यावरून होत नाही, मिलच्या उभ्या तासांवरून होतो. अहवालाचा नमुना ज्याने आखला, त्याने पुढच्या सगळ्या हंगामांचे निर्णय आखून ठेवले, असे माझे मत झाले आहे.

टिळकवाडी_प्राध्यापक

आपल्या पहिल्या मुद्द्यावर एकच भर घालतो. चेस्टर बर्नार्ड हे स्वतः न्यू जर्सीतील टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष होते. ज्याची अंमलबजावणी होऊ शकणार नाही असा निर्णय न घेणे हेही व्यवस्थापकाच्या कौशल्यात मोडते, असे त्यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवले होते. टोळ्यांची सोय नसताना सही केलेला तोडणी कार्यक्रम त्या कसोटीवर निर्णय ठरत नाही. आपल्याकडे अशा सह्या फार होतात.

होनगा_गुणवत्ता

मी सुट्या भागांच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. प्राध्यापक सरांच्या मांडणीला जोडून मला नासाच्या चॅलेंजर या अंतराळयानाचे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण आमच्या प्रशिक्षणात ते शिकवले जाते खरे, पण बहुतेक वेळा केवळ एका रबरी कड्याच्या दोषाची गोष्ट म्हणून.

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी दूरध्वनीवर बैठक झाली. घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांचे म्हणणे होते की सांध्यातील रबरी कडी थंडीत ताठरतात, म्हणून ५३ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली प्रक्षेपण करू नये. कंपनीची पहिली शिफारस तशीच गेली. नासाच्या अधिकाऱ्यांनी त्या आकडेवारीला आव्हान दिले. तेव्हा कंपनीने स्वतंत्र चर्चेसाठी वेळ मागितला आणि त्या चर्चेत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांना अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितले. शेवटचे मत चार वरिष्ठ व्यवस्थापकांनी दिले, अभियंत्यांना त्यात विचारले गेले नाही आणि शिफारस उलटली. दुसऱ्या दिवशी सुमारे २ अंश तापमानात यान उडाले, ७३ सेकंदांत त्याचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर गेले.

या प्रकरणात मला दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. एक म्हणजे पुराव्याची जबाबदारी उलटी झाली. एरवी "सुरक्षित आहे हे सिद्ध करा" असे विचारले जाते. त्या रात्री अभियंत्यांना "असुरक्षित आहे हे सिद्ध करा" असे विचारले गेले. दुसरी गोष्ट चौकशी आयोगाने नोंदवली आहे: प्रक्षेपणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना आदल्या रात्रीच्या त्या लेखी शिफारशीची कल्पनाच नव्हती. उद्यमबागकरांच्या मालकांपर्यंत सुपरवायझरची वही पोहोचली नाही, तसेच हे झाले. फरक फक्त किमतीचा.

महिनाअखेरीला माल पाठवायची घाई असते तेव्हा आमच्याकडेही प्रश्न असाच उलटतो. मापात किंचित बाहेर गेलेला भाग समोर असतो आणि विचारले जाते, "हा भाग नापास होईल असे तुम्ही लिहून देता का?" तसे लिहून देणे कोणालाही शक्य नसते, म्हणून तो भाग जातो. प्रश्न कोणत्या बाजूने विचारायचा हे आधीच लेखी ठरलेले असेल तरच गुणवत्ता विभागाला उभे राहता येते.

खानापूरकर

आपल्या भागाची एक विशेष अडचण कोणी मांडली नाही. आमच्या कारखान्यात पाळीवरचे बोलणे मराठीत आणि कन्नडमध्ये होते, बाहेरच्या राज्यांतून आलेल्या कामगारांशी हिंदीत होते, आणि अहवाल मात्र इंग्रजीतच जातो. अनुभवी फिटर "बेअरिंग आज वेगळे वाजते" असे सांगतो. ते इंग्रजी तक्त्यात लिहायचे तर कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून सुपरवायझर "ओके" असे लिहून मोकळा होतो. चांगला व्यवस्थापक दिवसातून एक फेरी मारून स्वतः ऐकतो. परंतु वरिष्ठ व्यवस्थापक दोन्ही भाषा न जाणणारे असतील, तर त्यांची फेरीही तक्ता वाचण्यासारखीच होते. आम्ही तक्त्यात एक रकाना मोकळा सोडून त्यात कामगाराचे शब्द त्याच्याच भाषेत लिहायला सुरुवात केली आहे. सगळे वाचले जाते असे नाही, पण देखभाल विभाग तो रकाना आधी पाहतो.

उद्यमबागकर (धागाकर्ता)

चर्चा अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली. माझी एक शंका आहे. अनिश्चितता वाटेत जिरणे टाळायचे म्हणून सगळ्या वह्या, सगळे रकाने, सगळी मते वर पाठवली, तर नऊ मिनिटांच्या तुकड्यांत जगणारा व्यवस्थापक ती वाचणार केव्हा? गोषवारा हा दोष असला तरी त्याच्याशिवाय संस्था चालणार नाही. मग नेमके काय बदलायचे?

टिळकवाडी_प्राध्यापक

गोषवारा राहू द्यावा, परंतु त्याबरोबर दोन ओळी जाव्यात: कोणते पर्याय वगळले, आणि ते कोणत्या आधारावर वगळले. भट्टीच्या टिपणात "रिजेक्शन कमी करण्याचा पर्याय विचारात घेतलेला नाही" एवढे वाक्य असते, तरी मालकांनी पुढचा प्रश्न विचारला असता. वगळलेले दिसले की विचारता येते.

दुसरी पद्धत गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडली. निर्णय जवळजवळ ठरला की संबंधितांना सांगायचे: एक वर्ष लोटले आहे, हा निर्णय पूर्णपणे फसला आहे, तो का फसला हे प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे. साध्या बैठकीत शंका काढणारा माणूस विरोधक ठरतो. इथे शंका काढणे हेच सोपवलेले काम असते, त्यामुळे धाकटा कर्मचारीही लिहितो. दहा मिनिटांत होणारे हे काम आहे.

सौहार्द_निवृत्त

प्राध्यापक महोदय, कारखान्यात हे होईल. पतसंस्थेत "वगळलेले पर्याय" या ओळीखाली सही कोणाची राहणार? कर्ज बुडाल्यावर लेखापरीक्षक तीच ओळ वाचणार, आणि संचालक म्हणणार की व्यवस्थापकाने आम्हाला पुरेसे सावध केले नाही. किंवा त्याने सावध केले होते हे दिसू नये म्हणून ते पानच बदलायला सांगणार. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. ज्याची नोकरी संचालकांच्या मर्जीवर आहे त्याच्याकडून लेखी मतभेदाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. म्हणूनच मला दुसऱ्या शाखेकडून तपासणीचा मार्ग बरा वाटतो. तिथे मत देणाऱ्याचे त्या अर्जदाराशी काही देणेघेणे नसते.

ऊस_विभाग

सहमत. आमच्याकडे तर लेखी मतभेद म्हणजे पुढच्या हंगामात दूरच्या गटात बदली.

होनगा_गुणवत्ता

काका, आपली भीती खरी आहे, तरीही आमच्याकडे लेखी मतभेद टिकून राहिला आहे, आणि त्याचे कारण कोणाचा मोठेपणा नाही. मापाबाहेरचा भाग स्वीकारायचा असेल तर डिव्हिएशनचा अर्ज भरावा लागतो. त्यात गुणवत्ता विभागाचे मत आणि अंतिम मंजुरी या दोन वेगळ्या सह्या असतात, पानांना अनुक्रमांक असतात, आणि ग्राहकाचा परीक्षक वर्षातून एकदा येऊन त्यातील पाने स्वतः निवडून वाचतो. पान गहाळ झालेले दिसले तर तो कंत्राटाविषयी प्रश्न विचारतो. त्यामुळे "नाही" लिहिणाऱ्या मुलीवर राग निघाला तरी ते पान कोणी बदलत नाही. आमच्याच दुसऱ्या युनिटमध्ये जो माल थेट बाजारात जातो, त्याला बाहेरचा परीक्षक नाही. तिथेही हाच अर्ज छापून ठेवलेला आहे, आणि त्यातील मताचा रकाना कित्येक महिने कोराच असतो.

आपल्या संस्थेत बाहेरून वाचणारा असा कोण होऊ शकेल, हे मला ठाऊक नाही. लेखापरीक्षक बुडालेलीच प्रकरणे वाचत असतील, तर ते पुरणार नाहीत. चालू प्रकरणांतील काही पाने त्यांनी स्वतः निवडून वाचायला हवीत.

सौहार्द_निवृत्त

ताई, आमचे लेखापरीक्षक प्रकरणे निवडतात खरे, पण कोणती कपाटे उघडायची ते व्यवस्थापक सांगतो. अनुक्रमांक घातलेल्या पानांचा मुद्दा मात्र मी आमच्या संस्थेतील सध्याच्या मंडळींना कळवतो, कारण त्याला संचालक मंडळाचा ठराव लागत नाही, छापखान्यात सांगितले की होते.